गाडी पाहिल्याची यादी

प्रतिक्षाने पोलीस ठाण्याच्या खिडकीतून अर्ज आत सरकवला, तेव्हा हवालदार सेवकरामने मान वर न करताच शिक्क्याची डबी उघडली. अर्जावरचा गाडीचा नंबर वाचला आणि त्याचा हात डबीवरच थांबला. तो नंबर त्याला तोंडपाठ होता.

“माझी गाडी कॅमेऱ्यावर किती वेळा शोधली, कोणी शोधली, त्याची यादी पाहिजे, साहेब.”

दोन वर्षांनी कानावर पडलेला लेकीचा आवाज त्याला साहेब म्हणत होता.

कारण नोंदवल्याशिवाय कोणाचीही गाडी शोधू नये आणि गाडीमालकाने मागितल्यास शोधांची यादी द्यावी, असा आदेश महिन्यापूर्वीच आला होता. यादी द्यायची कोणी? ज्याने पाहिलं त्यानेच. खात्याची न्यायबुद्धी काटकसरी असते.

प्रतिक्षाने सुगतशी लग्न केलं, तेव्हा जातीबाहेरच्या जावयाचं तोंड पाहणार नाही, अशी प्रतिज्ञा सेवकरामने चार माणसांत केली होती आणि ती कसोशीने पाळलीही होती. गाडी पाहायची नाही, असं प्रतिज्ञेत नव्हतं. या वर्षी महामार्गावर गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे बसले. रोज संध्याकाळी लाखनीच्या चौकातून तिची स्कूटी सुखरूप पुढे गेली, की मगच तो जेवणाचा डबा उघडी. घरी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

“उषामावशीले तुमीच सांगतलं न, माह्या गाडीचा मागचा लाइट बंद हाये म्हणून?”

“ट्रकवाले अंधारात पाहत नाहीत, पोरी.”

“मावशी एकोडीच्या बाहेर पाय ठेवत नाही. तिले कसा दिसला लाइट?” ती हसली नाही. “चोर पकडाले कॅमेरे लावले म्हणत होते. मी काय चोरलं?”

सेवकरामने यादी छापून काढली. दोनशे बारा ओळी. आदेशाआधी कारणाचा रकाना कोरा होता. आदेशानंतर दर ओळीत एकच शब्द होता, ‘संशयित’. आपल्याच शब्दाकडे पाहवेना, तसा तो टेबलावरच्या फायली नीट करू लागला.

ती ओळीवर बोट ठेवत वाचत गेली. ‘संशयित’पाशी क्षणभर थांबली, मग बोट मागे नेत जुलैवर आली.

“हे नऊ दिवस काहून नाहीत?”

“भंडाऱ्याले होतो. दवाखान्यात.”

“काय झालं होतं?”

“छातीत दुखलं.”

“संगं कोण होतं?”

सेवकरामने पुन्हा त्याच फायली नीट केल्या.

तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. तक्रार घरूनच लिहून आणली होती. यादी तक्रारीला जोडून तिने खाली सही केली.

“तक्रार मी मागं नाही घेणार.”

“नको घेऊ.”

त्याने पोच म्हणून शिक्का मारला. सहीखाली तिचा मोबाइल नंबर होता. लग्नानंतर तिने बदललेला. उषामावशीनेही तो त्याला कधी दिला नव्हता. त्याने डोळे वळवले, कागद पालथा घातला आणि वर पेपरवेट ठेवलं.

प्रतिक्षा खिडकीपाशीच उभी होती.

“पाहून घ्या, बाबा,” ती म्हणाली. “तो नंबर मी लिहून देला हाये.”