तीन गल्ल्यांच्या सहा गल्ल्या

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. लातूरच्या दुकानातून एसटीत बसून निलंग्याजवळच्या या गावी आलो आणि गफूरभाईंच्या क्लासात रमलो. लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली जन्मलेले हे गफूरभाई. गावातल्या कितीतरी पोरांचा हात त्यांनी माझ्यावर बसवला. मग नवी मशिनं आली नि मी कोपऱ्यात गेलो. पण कुरकुर कशाला? कोपऱ्यातून दार छान दिसतं.

मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकर सकाळ-संध्याकाळ यायचा, पण खालच्या गल्लीपर्यंत पाणी पुरायचंच नाही. तिथल्या म्हाताऱ्या हुसेनबी, साऱ्या पोरांच्या खाला म्हणजे मावशी, बऱ्याचदा रिकामी घागर घेऊन परतायच्या. शेवटी गावात ठरलं, दिवसभरात ज्या गल्लीला सगळ्यात कमी पाणी मिळतं, तिथं उद्यापासून टँकर आधी लावायचा. हिशेब कॉलेजातल्या शिवगंगाकडे आला आणि ती चक्क माझ्यासमोर येऊन बसली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिनं तिन्ही गल्ल्यांच्या सकाळच्या घागरींची एक लिस्ट केली, संध्याकाळची दुसरी. मध्ये अधिकचं चिन्ह देऊन सगळ्यात लहान आकडा विचारला. मी म्हटलं, दहा. त्या तर वरच्या गल्लीच्या नुसत्या सकाळच्या घागरी!

"म्हंजे टँकर पुन्हा वरच्याच गल्लीत? अन् हुसेनबी खालांचं काय?" शिवगंगा रडकुंडीला आली.

गफूरभाई वाकून बघत हसले. "अगं पोरी, तीन गल्ल्यांच्या सहा केल्यास की! लिस्ट म्हंजे पिशवी हाय. काय बी टाक, घेती. दोन पिशव्या दिल्या की एकीमागं एक लावती, बेरीज करत न्हाई. आकड्यांचा अ‍ॅरे कर, त्यात नुसते आकडेच ऱ्हातात, ज्याची त्याची जागा ठरलेली. मग वरचीत वरची मिळंल, खालचीत खालची."

तिनं तसं केलं. चिन्ह तेच, पण मी आता खरी बेरीज दिली: वरची शंभर, मधली ऐंशी, खालची पंचेचाळीस.

मित्रांनो, आम्ही सांगाल तेच करतो. म्हणून आकडे कशात भरून देता, तेवढं नीट बघा. आणि अधूनमधून आम्हाला पुसतही चला.

दुसऱ्या दिवशी टँकर आधी खालच्या गल्लीत लागला. दुपारी हुसेनबी क्लासात आल्या, पदराचं टोक ओलं करून. "कित्ती धूळ बसली गं लेकरावर," म्हणत माझी काच पुसू लागल्या.

"खाला, पाणी कशाला घालवता?" शिवगंगा म्हणाली.

"आज हाय की," हुसेनबी म्हणाल्या.