पाच मिनिटांची घंटी

सभागृहाच्या घंटीवर बसणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. काम एकच. मतदान पुकारलं की बटण पाच मिनिटं दाबून धरायचं. घंटी थांबली की दारं बंद, बाहेर राहिला तो राहिला. पण तीन वर्षं सरकारप्रमुख वटहुकमांवरच कारभार हाकत होते. सभागृहाला विचारतो कोण? मावशींचे तेवढ्यात सात स्वेटर विणून झाले.

आज मतदान होतं, आणि तेही कशावर? यापुढे प्रमुखांनी कुणालाही न विचारता कायदे करावेत, यावर! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

एकला पाच कमी असताना सचिवसाहेब आले. "मावशी, आज एक मिनिट पुरे. वरून निरोप आहे."

मावशींना डाव कळला. मतदान चारला आहे असं सांगून विरोधातल्या सगळ्यांना मागच्या इमारतीत मेजवानीला बसवलं होतं. तिथला आचारी म्हणजे मावशींचा नवराच. बरोबर एकला वाढायचा हुकूम त्यालाही होता.

"लेखी द्या, साहेब."

"लेखी कशाला?"

"मग पाचच."

मावशींच्या आधी या खुर्चीवर त्यांचे सासरे होते. "सूनबाई," ते म्हणाले होते, "मागच्या इमारतीपासून दारापर्यंत काठी टेकणाऱ्या सदस्याबरोबर मी स्वतः चालून मोजलंय. पाचाला एक सेकंद कमी नको."

एक वाजला. मावशींनी अंगठा रोवला. मिनिटभरात साहेब ओरडले, "बस झालं!"

"काय म्हणालात? घंटी वाजतेय ना, ऐकूच येत नाही!"

खिडकीखालून सदस्य धावत सुटले. कुणाच्या गळ्यात रुमाल, कुणाच्या हातात चमचा. सगळ्यांत मागे नव्वदीचे आजोबा, काठी टेकत, आणि त्यांचा कोपर धरून एप्रनमधला नवरा. "चला आजोबा, ताट पळत नाही, दार बंद होतंय!" मावशींना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. आजोबांचा पाय उंबऱ्याच्या आत पडला, पाच मिनिटं भरली, अंगठा सुटला.

ठराव एका मताने पडला.

"उद्या खुलासा द्या," साहेब तणतणले.

"देते की. नियमाचं पानच जोडते."

नवरा दारात आला. "सगळं जेवण गारढोण झालं गं."

"होऊ दे. वाढ मला."

पुढच्या आठवड्यात सभागृहात चार वेळा मतदान झालं. मावशींचा अंगठा चांगलाच सुजला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो कौतुकाने दाखवत राहिल्या.