कोऱ्या जागेवरची ओळ

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला जाडजूड ग्रंथ दिसतो ना, तो मीच. बायबलची एक जुनी प्रत. माझी पाठ दोनदा शिवली आहे आणि कडा हातांच्या घामाने काळवंडल्या आहेत. पण माझी तक्रार वयाची नाही. मला खाल्ले ते काळजीने.

या घरात मला आबांनी आणले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ उभी करायचे. संध्याकाळी हात घासून धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. जेवणाआधी मोठ्याने वाचत आणि मुलांना बजावत, की हे माणसांनी लिहिले खरे, पण देवाच्या प्रेरणेने लिहिले. यात एक अक्षर घालायचे नाही आणि एक काढायचे नाही. ते ऐकून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग थोरल्या मुलाने, सगळ्यांच्या दादाने, छापखान्यात यायला नकार दिला आणि जहाजावरची नोकरी धरली. आबांनी आकाशपाताळ एक केले, तरी दादा गेलाच. त्या रागात आबांनी माझ्या अक्षरांसारखे खिळे हुडकून एक ओळ जुळवली आणि छापली. माझ्या एका भागाच्या शेवटी अर्धे पान कोरे होते. तिथे त्यांनी ती पट्टी खळीने चिकटवली: ‘जो बापाचे घर सोडून जातो, त्याला पुन्हा उंबरा नाही.’ आयुष्यभर एक काना चुकू न देणाऱ्या माणसाने ही चूक इतक्या सफाईने केली, की जोड कुणाला दिसेना.

तेव्हाच ती काळजी सुरू झाली. बापाचा राग देवाच्या नावावर खपत होता आणि तो माझ्या पोटात बसून. पुढे राग निवला, तेव्हा आबा त्या पानाशी अडखळत, अंगठ्याने पट्टी चाचपत. आज काढतील, उद्या काढतील, म्हणून मी वाट पाहिली. आबा गेले आणि पट्टी राहिली.

वाचन ताईकडे आले. ताई म्हणजे आबांची मुलगी, दादाच्या पाठची. अक्षरे ती माझ्यावरच शिकली होती आणि माझा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. दादाचे निरोप येत. ती रडे, पण उलट निरोप धाडत नसे. इतके शब्द पोटात असून मला एक उच्चारता येत नव्हता.

एका दुपारी दादा स्वतःच दारात उभा राहिला. केस पिकलेले, हातात एक पिशवी. त्याला दम लागत होता. डॉक्टरांनी समुद्र सोडायला सांगितले होते आणि जायला दुसरे घर नव्हते. ताईने दार अर्धे उघडले आणि अर्धे धरून ठेवले.

“दादा, माझं मन आत ये म्हणतंय,” ती म्हणाली, “पण शास्त्रात लिहिलंय. त्यापुढे माझं काय चालणार?”

तिने मला आणून ती ओळ वाचून दाखवली. दादाने वाद घातला नाही. देवच म्हणतो तर राहू दे, म्हणाला आणि पिशवी उचलून बसथांब्याकडे निघाला. त्यानेही त्या ओळीवर विश्वास ठेवला.

ताईच्या धाकट्या भावाची बायको या घरात नवीनच होती. ती आतून ऐकत होती. तिने माहेरून आणलेली आपली बायबलची प्रत काढली, तेच पान उघडले आणि माझ्या शेजारी ठेवले.

“ताई, माझ्यात ही ओळ नाही.”

ताईचा चेहरा उतरला. तिने नख फिरवले, तर नखाला पट्टीची कड लागली. “ही खोटी, तर बाकीचं खरं कशावरून?” तिने विचारले. मित्रांनो, याच प्रश्नाची मी इतकी वर्षे धास्ती घेतली होती. एका पट्टीपायी मी सगळाच तिच्या मनातून उतरलो असतो.

“ही मामंजींनीच छापून चिकटवली असणार, म्हणून सोलून निघतेय,” सूनबाई म्हणाली. “बाकीचं निघतंय का बघा.”

ताईने ओल्या फडक्याने पट्टी भिजवली आणि सोलली. खाली नुसता कागद होता. ती चपला न घालताच धावली.

मी टेबलावर उघडाच पडलो होतो. पान ओले, जरा फाटलेले. बस गेली असेल का? दादाला भरभर चालवत नाही, एवढीच आशा. बऱ्याच वेळाने जिन्यावर दोघांची पावले वाजली. पिशवी ताईच्या हातात होती.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण त्याहून माझ्या कोऱ्या जागा जपा. तिथे आपला राग चिकटवू नका. ज्यांना मी खरा वाटतो, ते त्यालाही खरे मानतात.

त्या संध्याकाळी ताईने तोच भाग वाचला. छापील मजकूर संपला तिथे ती थांबली. तिने वाटेत सगळे सांगितले होते, तरी दादा मान खाली घालून पुढच्या ओळीची वाट पाहत राहिला.

“पुढे?” त्याने हळूच विचारले.

“पुढे काही नाही,” ताई म्हणाली. “जेवायला बस.”