संध्याकाळी धडपडणारी माणसं

इस्पितळात तिला सगळे 'सोयरीकवाली बाई' म्हणत. डोळ्यांचे आजार पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून कसे उतरतात, यावर तिचं संशोधन चालायचं. त्यामुळे समोरच्याचे डोळे बघण्याआधी ती त्याचे काका, आत्या, मावश्या विचारून घ्यायची. "स्थळ बघताय का?" असं पेशंट हसून म्हणायचे.

एक पेशंट मात्र हसला नाही, दोघा भावांतला थोरला. पन्नाशीचा शिंपी. दिवसा झरझर सुईत दोरा ओवायचा, पण दिवस मावळला की दाराच्या चौकटीवर आपटायचा. त्याच्या एका जनुकात तिला एक अक्षर बदललेलं सापडलं होतं. पण चोर तेच, की चोराशेजारी उभा असलेला साव, हे ठरवायला घरातली आणखी माणसं हवी होती.

"आई आहे, धाकट्या भावाकडे," तो म्हणाला. "पण आम्हा भावांत विस्तव जात नाही. बावीस वर्षं झाली."

"वडील?"

"गेले. सुतार होते. रोज संध्याकाळी पिऊन धडपडत यायचे, गल्ली हसायची. एकदा मी त्यांना तोंडावर दारुडा म्हणालो आणि घर सोडलं. धाकट्यानं ते माफ केलं नाही."

तिचं पेन थांबलं. "दुपारी कधी धडपडायचे?"

शिंपी उठून चपला घालू लागला. तिनंही पुढे विचारलं नाही. हातात पुरावा नसताना बोलायची तिला सवय नव्हती.

धाकट्याकडे ती स्वतःच गेली. तोही सुतार. भुसा झटकून त्यानं तिला स्टूल दिलं. "दादानं पाठवलं?"

"नाही, माझी मी आले."

"मग बसा." तोही हल्ली पाचलाच दुकान बंद करायचा; नंतर हातोडी खिळा सोडून बोटावर बसे. त्यानं रक्त दिलं, आईचं देववलं, आत्याचा पत्ताही दिला.

दृष्टिपटलाच्या तपासणीआधी अर्धा तास मिट्ट काळोखात बसावं लागतं. यंत्र गुरुवारीच मिळायचं, खोली एकच. दुसरा भाऊही तिथं असेल, याची तिनं दोघांनाही आधी कल्पना दिली आणि स्वतः दाराशी बसली. दहा मिनिटं काळोखात फक्त खुर्च्या करकरत होत्या.

"तुलाही?" थोरल्यानं शेवटी विचारलं.

"सहा वर्षं झाली."

मग थोरला म्हणाला, "परवा मी बादलीवर पडलो. तर बायको माझं तोंड हुंगत होती."

धाकट्याला हसू आवरेना. थोरलाही हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज चिरकला. "बाबांच्या तोंडाला कधी वास यायचा का रे?"

"मी त्यांच्या कुशीत झोपायचो, दादा. लाकडाचा यायचा."

काळोखात बाईनं डोळे पुसले. तिथं ते सोयीचं होतं.

तीन महिन्यांनी निकाल आले. ते अक्षर दोघा भावांत होतं, आत्यात आणि तिच्या एका मुलातही, आईत नव्हतं. चौघांचीही दृष्टी तशीच अधू होत गेलेली. आत्याचं तर जन्मभर कौतुक झालेलं: दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडत नाही, किती सालस!

"ते कधीच प्यायले नाहीत, असं रक्त सांगत नाही," बाईनं दोघा भावांना आणि आईला समोर बसवून सांगितलं. "पण हा दोष तुम्हाला त्यांच्याकडूनच आला. त्यांना संध्याकाळी दिसत नसणार. यावर आज माझ्याकडे औषध नाही."

"थेंबाला शिवले नाहीत ते," आई म्हणाली. "आंधळ्या सुताराला कोण काम देतं? दारुड्याला देतात. असं म्हणायचे. मला शपथ घातली होती."

"मला तरी सांगायचंस, आई."

"सांगणारच होते रे. तू थांबलास कुठं?"

थोरल्यानं मान खाली घातली. म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

निघेपर्यंत बाहेर अंधारून आलं. बाई सोबत यायला उठली, पण म्हातारीनं तिला हातानंच थांबवलं. एका हातात थोरला, दुसऱ्या हातात धाकटा धरून ती फाटकाकडे निघाली.

"पायरी आहे," ती म्हणाली. "दोघंही सांभाळून."