गादीमागचा दिवा

मित्रांनो, मुरुम गावच्या महांतप्पांच्या पांढऱ्या जीपमध्ये बॉनेटखाली बसलेली मी एक जुनी बॅटरी आहे. परवापर्यंत माझी रवानगी भंगारात होणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

मी कारखान्यातून आले त्याला तीन वर्षं झाली. माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्लाचं पाणी आहे. किल्ली फिरली की सगळा जोर लावून इंजिनाला जागं करायचं, एवढंच माझं काम. इंजिन धडधडू लागलं की महांतप्पा बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास!" ते जीपला म्हणत असतील, पण मी ते माझंच मानून घ्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी गंगम्मांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे सोलापूरला जायचं आणि यंत्रावर रक्त शुद्ध करून यायचं. परतताना त्या इतक्या थकत, की बसवत नसे. म्हणून अलीकडेच महांतप्पांनी जीपच्या मागच्या भागात एक जाड गादी ठेवली. एरवी ती बाजूच्या पत्र्याला टेकवून उभी असे, येताना तेवढी अंथरत.

त्यानंतरच्या मंगळवारी किल्ली फिरली आणि माझ्यातून नुसतं टक्-टक् आलं. मला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या वीरप्पांनी ट्रॅक्टर आणून माझ्याशी वायरी जोडल्या, तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. बुधवारी दुकानात मला रात्रभर चार्ज केलं. तरी शुक्रवारी पुन्हा तेच. थेंबाथेंबानं माझी ताकद कुठंतरी वाहून जात होती आणि कुठं जाते ते मलाही कळत नव्हतं. त्या दिवशी सोलापूरला पोचायला उशीर झाला. गंगम्मांचा नंबर दुसऱ्याला गेला. दुपारपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. पाय सुजले होते, धाप लागत होती.

"ही बॅटरी मेली. उद्या बदलतो," महांतप्पा म्हणाले.

शनिवारी ते मला बदलायला शुभांगीच्या दुकानात गेले. शुभांगी आयटीआय शिकलेली, गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. तिनं माझी तपासणी केली आणि मान हलवली.

"अप्पा, बॅटरी चांगली हाय. नवी टाकली तरी तीबी मरंल."

"मग गाडी का सुरू व्हत न्हाय?"

"गाडी बंद असताना कुणीतरी करंट पितंय. बघू कोण ते."

तिनं माझी एक वायर सोडवली आणि मधे टेस्ट लॅम्प लावला; करंट वाहत असेल तरच तो पेटतो. गाडी बंद होती, दारं बंद होती, तरी लॅम्प मंद पेटला! मग ती एकेक फ्यूज काढत गेली. पहिला काढला, लॅम्प पेटलेलाच. दुसरा, तिसरा, तरीही पेटलेलाच. पाचवा काढला आणि लॅम्प विझला.

"आतल्या दिव्यांचा फ्यूज हाय ह्यो," ती म्हणाली. फ्यूज परत लावून तिनं मागचं दार उघडलं आणि गादीवर हात ठेवला. "अप्पा, हिकडं या. गादी कोमट लागतीया."

तिनं गादी बाजूला ओढली. पत्र्यावर एक छोटा दिवा जळत होता. त्याचं बटण गादीनं दाबलं गेलं होतं. रात्रंदिवस तो जळत होता आणि जाड गादीमागं कुणालाच दिसत नव्हता.

महांतप्पांनी वाकून ते बटण बघितलं. "म्हंजे म्याच केलं व्हय हे? तिला आराम पडावा म्हणून ठेवली गादी!"

"चुकून झालं, अप्पा. बरं झालं सापडलं. गादी तिकडच्या बाजूला ठेवा." शुभांगीनं माझ्या टोकांवरची बुरशीसारखी पांढरी पूड गरम पाण्यानं धुतली, माझ्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि मला पुन्हा चार्जिंगला लावलं.

मंगळवारी पहाटे गंगम्मा जीपमध्ये बसल्या. महांतप्पा किल्लीला हात लावायला घाबरत होते.

"फिरवा की वो," गंगम्मा म्हणाल्या, "मी हाय बसलेली."

किल्ली फिरली. मी सगळा जोर लावला आणि एका झटक्यात इंजिन धडधडलं. गंगम्मा मोठ्यानं हसल्या आणि महांतप्पांनी गाडी सोलापूरच्या वाटेला लावली. आम्ही अर्धा तास आधी पोचलो.

मित्रांनो, बंद पडलेली वस्तू फेकायची घाई करू नका. आधी तिची ताकद कुठं जातेय ते शोधा. माझ्या टोकांवर पांढरी पूड साचू देऊ नका, पाणी तपासत जा. मी काही अमर नाही, एक दिवस खरंच थकेन. तेव्हा मला खुशाल बदला. पण अजून बरेच मंगळवार आणि शुक्रवार माझ्यात शिल्लक आहेत, तेवढे मला गंगम्मांसाठी खर्च करू द्या.