जांभळ्या जॅकेटातली विहीण

माझ्या मुलीच्या, हे-रिनच्या, होणाऱ्या सासूला मी एकदा नागडं बघायचं ठरवलं होतं. दचकू नका, कारण सांगते.

पुढच्या शनिवारी दोन्ही घरांची भेट ठरली होती, हॉटेलात. तिथे कोण खरं बोलतं? तिथे सगळे पाठ केल्यासारखे हसतात, मासा दुसऱ्याच्या ताटात वाढतात आणि घरी जाऊन एकमेकांच्या चपलांना नावं ठेवतात. माझ्या मुलीच्या पहिल्या लग्नाच्या वेळी अशीच भेट झाली होती. ती सासू इतकी गोड बोलली की मला वाटलं आता मधुमेह होतो की काय. मग त्याच घरातून माझी पोर अर्ध्या वजनाची होऊन परत आली. म्हणून या वेळी बाई मला चढावर बघायची होती, भूक लागल्यावर बघायची होती आणि मग गरम पाण्याच्या कुंडात बघायची होती. दमलेलं, भुकेलेलं आणि उघडं माणूस नाटक करत नाही.

ती बाई एका डोंगर-मंडळाबरोबर फिरायला जाते एवढं हे-रिन बोलता बोलता बोलून गेली होती. मंडळाचं नाव ‘सदाहरित’. बस आमच्या देगू शहरातून सुटते, कुठल्या तरी डोंगरावर चढवते, उतरल्यावर गरम झऱ्याच्या स्नानगृहात बुडवते आणि अंधार पडायच्या आत घरी आणून टाकते. मी बाजारातलं माझं लोणच्या-भाज्यांचं दुकान शेजारणीवर सोपवलं, जागा धरली आणि गेले. हे-रिनला सांगितलं, डॉक्टरला दात दाखवायला चाललेय.

तिची ओळख म्हणाल तर माझ्याकडे एक फोटो होता. फोटोत शिखरावरचा दगड होता आणि दगडाला टेकून एक बाई उभी होती. पण बाईच्या डोक्यावर झापडाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापासून गळ्यापर्यंत फडकं. कानसुद्धा दिसत नव्हता. आमच्या बायका उन्हाला इतक्या भितात की डोंगरावर सगळ्या बँक लुटायला निघाल्यासारख्या दिसतात. दिसत होतं फक्त जॅकेट. जांभळं, खांद्यावर पिवळा पट्टा.

त्यात मंडळात कुणाला खरं नाव नाही. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं, त्याचाच बिल्ला छातीवर. लीडर विम्यातून निवृत्त झालेला, ढेरी शिट्टीच्या पुढे, नाव ‘पहाडी वाघ’. अखंड बडबडणारा एक म्हातारा होता, तो ‘शांत तळं’. मी घेतलं ‘गोगलगाय’. माझ्या शेजारच्या सीटवर एक रुंद खांद्यांची बाई येऊन बसली, मातकट जॅकेट, बिल्ल्यावर ‘खरवड’.

“भाताची?” मी विचारलं.

“मग काय दुधाची? तळाला लागलेली, करपलेली. वय काय तुझं?”

आमच्याकडे आधी वय, मग नमस्कार. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी निघाली, म्हणजे ती ताई आणि मी अगं-तुगं. बस सुटली तशी गरम भाताच्या वड्या वाटल्या गेल्या. ड्रायव्हरने धांगडधिंगा गाणी लावली. खरवडताई जागेवरूनच ओरडली, “बंद कर ते, नाहीतर मी गाईन!” गाणं बंद झालं. मला बाई आवडली.

आणि तेवढ्यात दिसलं. चार सीटा पुढे, जांभळं जॅकेट, खांद्यावर पिवळा पट्टा. बिल्ल्यावर काय नाव असावं? ‘महाराणी’!

चढ सुरू झाला तशी मी डोळ्यात तेल घालून तिच्या मागे. मेपलची झाडं लालभडक झाली होती म्हणे, मला काही दिसली नाहीत, मी जांभळं बघत होते. पहिल्या विसाव्याला महाराणीने एका तरुण पोरीकडून आपलं उकडलेलं अंडं सोलून घेतलं. दुसऱ्या विसाव्याला झाडांत शिरून पिशवीभर ओकफळं गोळा केली. लीडर शिट्टी फुंकत आला. “महाराणीसाहेब, ती खारींची असतात! दंड होतो!” ती म्हणाली, “खारीने तक्रार केलीय का?” शिखरावर दगडापाशी फोटोची ही लांब रांग, बाई सरळ पुढे गेली, दगडाला मिठी मारली आणि वेगवेगळ्या पोजमध्ये फोटो काढून घेतले. मागचे लोक वाऱ्यात कुडकुडत होते. माझं रक्त उकळायला लागलं. ही माझ्या पोरीची सासू? ही तर तिच्याकडून अंडीच सोलून घेणार जन्मभर.

जेवायला मी खरवडताईजवळ बसले. तिने काकडी मोडून अर्धी मला दिली. तांदळाची दारू वाटीत ओतली. मला दारू चढत नाही, फक्त तोंड सुटतं.

“ताई, ती जांभळी बघितलीस?”

“बघितली. का?”

“माझी मुलगी तिच्या मुलाला द्यायची ठरलीय.”

खरवडताईने महाराणीकडे बघितलं. मग माझ्याकडे. “हिच्या मुलाला?”

“दो-ग्युम नावाचा आहे. पोहांगला जहाजाच्या कारखान्यात. पोरगा चांगला आहे गं, गाईसारखा. पण आई ही अशी.”

तिला काकडीचा ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “अशी म्हणजे कशी? बोल की.”

आणि मी बोलले. देवा, काय काय बोलले! रांगेत घुसणारी, खारींच्या तोंडचा घास काढणारी, बुडावरून तर दिसतंच आहे की आयुष्यात कधी जमीन पुसली नाही. खरवडताई ऐकत होती, मध्येच “हं” करत होती. वाटी रिकामी झाली की भरत होती. मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. की हे-रिनचं आधी एक लग्न झालंय, मोडलंय. दो-ग्युमला सगळं ठाऊक आहे, त्याला काही वाटत नाही. पण त्याच्या आईला माहीत नाही.

“का नाही?” तिने विचारलं. आवाज एकदम सपाट.

“तोच म्हणाला, आईला सांगू नका. लग्न उरकू द्या, मग बघू. आईला आधी कळलं तर संपलं म्हणे सगळं. आता तूच सांग, ज्या बाईला तिचा स्वतःचा पोरगा इतका घाबरतो, तिच्या घरात मी पोर कशी ढकलू?”

खरवडताईने डबा बंद केला. “चल, शिट्टी झाली,” म्हणाली. शिट्टी काही झाली नव्हती. उताराला ती अशी झपाझपा निघाली की मला गाठताच आली नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

उतरता उतरता माझा निश्चय झाला. हे लग्न मोडायचं. हे-रिन रडेल, चिडेल, महिनाभर बोलणार नाही. बोलू नको. पण पुन्हा तसल्या दारात नाही. आणि हे शनिवारी हॉटेलात नाही सांगायचं, आजच सांगायचं, जिथे ती बाई उठून जाऊ शकणार नाही तिथे.

स्नानगृहात कपाटाची किल्ली घोट्याला अडकवून मी आत गेले. वाफच वाफ. बायका बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून अंग धूत होत्या, गळ्यापर्यंत कुंडात बसून सुनांच्या तक्रारी करत होत्या. टोप्या, चष्मे, फडकी, सगळं बाहेर. आत नुसती पोटं आणि सुरकुत्या. महाराणीला मी अंड्यावाल्या पोरीमुळे ओळखलं, ती तिचे केस धूत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. कमरेवर हात ठेवले. अंगावर चिंधी नसताना कमरेवर हात ठेवले की कसं दिसतं ते मला तेव्हा सुचलं नाही.

“ऐका!” मी म्हटलं. टाइलांमुळे आवाज असा घुमला की अख्खं कुंड गप्प झालं. “तुमच्या मुलाला मी माझी मुलगी देणार नाही!”

महाराणीने डोळ्यांतला साबण पुसला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मुलगा? कुठला मुलगा? अहो बाई, मला तिन्ही मुलीच. ही केस धुतेय ती धाकटी.”

“दो-ग्युम!”

“हा कोण आता?”

कुंडातून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरी. मग सगळ्याच. एक म्हातारी हसता हसता पाण्याखाली गेली, तिला काखेत धरून वर काढलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

“गोगलगाय,” मागून आवाज आला. “इकडे ये. बस.”

खरवडताई होती. एका स्टुलावर ती, पुढ्यात दुसरं रिकामं. हातात खरखरीत हिरवी घासणी चढवलेली.

“ते जॅकेट वसंतात मी तिला देऊन टाकलं,” ती म्हणाली. “मला पोटावर घट्ट होत होतं. बस, पाठ कर.”

 बसले म्हणण्यापेक्षा कोसळले. ती पाठ घासायला लागली, आणि घासणं म्हणजे काय, कातडं सोलून काढत होती. मळाच्या सुरळ्या मांडीवर पडत होत्या. ओरडायची माझी छाती झाली नाही.

“विहीणबाई,” मी हळूच म्हटलं.

“ताईच म्हण. अजून काही ठरलं नाही.” घासणी मानेवर आली. “त्या पहिल्या सासूने काय केलं?”

मी सांगितलं. ऐन थंडीत घरभराचं कोबीचं लोणचं एकटीकडून घालून घ्यायची. मूल होत नाही म्हणून हे-रिनला डॉक्टरांकडे फिरवायची, मुलाला एकदाही नेलं नाही. तो मुलगा एका दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा म्हणाली, तुझ्यातच काहीतरी कमी असणार.

घासणी थांबली. मला वाटलं, आता म्हणेल की असली मुलगी मला नको. मी डोळे मिटून घेतले. घटकाभरापूर्वी हेच लग्न मोडायला निघालेली मी, आणि आता मनात नुसतं मोडू नको, मोडू नको.

“माझ्या मुलाने आधी एक मुलगी आणली होती,” ती म्हणाली. “खूप वर्षं झाली. चांगली होती. पण तिला वडील नव्हते. बाप नसलेली पोर घरात नको, मी म्हटलं. तो काही बोलला नाही. ओरडलासुद्धा नाही. ताट उचललं, धुतलं आणि झोपायला गेला. तेव्हापासून मला काही सांगतच नाही तो. आजारी पडला होता तेही बाहेरून कळलं.”

मी वळून बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता, वाफेने की कशाने कोण जाणे.

“सगळ्यांना माहीत,” ती म्हणाली. “तुला, तुझ्या मुलीला, आता या कुंडातल्या सगळ्या बायकांना. मला तेवढं नाही. मी इतकी वाईट आहे का गं?”

दिवसभर मी दो-ग्युमच्या आईला शिव्या देत होते. आता ती ओली, उघडी समोर बसून विचारत होती, आणि खोटं बोलायला अंगावर रुमालसुद्धा नव्हता.

“तेव्हा होतीस,” मी म्हटलं. “आताचं मला माहीत नाही. एका दिवसात कसं कळणार?”

तिने नाक ओढलं. घासणी काढून माझ्या हातात कोंबली आणि स्वतः पाठमोरी झाली. “जोरात घास,” म्हणाली. मी घासली. सकाळपासूनचा सगळा राग लावून घासली. ती हूं की चूं करेना. शेवटी माझाच हात दुखायला लागला.

कपडे घालून बाहेर आलो तेव्हा लीडर बसपाशी शिट्ट्या फुंकत होता. खरवडताई दाराच्या पायरीवरच बसली.

“लाव फोन.”

“कुणाला?”

“तुझ्या मुलीला. आत्ता.”

मी लावला. हे-रिन म्हणाली, “आई, दात काढला का?” मी काही बोलायच्या आत खरवडताईने फोन हिसकावून घेतला.

“हे-रिन, मी दो-ग्युमची आई. तुझी आई माझ्यासोबतच आहे, दात शाबूत आहेत. ऐक. मला सगळं कळलंय, तुझं आधीचं लग्न आणि ते सगळं. नाही, तो नाही बोलला, तो कुठला बोलतोय. त्याला सांग, आईला कळलंय आणि आई ठणठणीत आहे. आणि शनिवारी ते हॉटेल वगैरे नको. घरी या. स्वयंपाक मी करीन. तू कशाला हात लावायचा नाहीस.”

पलीकडून आवाज आला.  हुंदका. मग दुसरा, आणि मग बांध फुटल्यासारखी माझी पोर रडायला लागली. मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू येत होतं. तिकडे छळ चालू होता तेव्हा ती माझ्याजवळ कधी रडली नव्हती. परत आली तेव्हाही नाही. आई, मी ठीक आहे, एवढंच म्हणायची. आणि आज ह्या परक्या बाईपाशी रडत होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. जन्म मी दिला, आणि रडायला ही?

खरवडताई फोन कानाला घट्ट धरून म्हणत होती, “रड. रड गं. बस सुटू दे सुटली तर. रड तू.”

फोन घ्यायला मी हात पुढे केला होता. तो मी मागे घेतला.