मिलोन्याचा सदरा

सुवोदोल या डोंगरी गावात दगड पिकतात आणि वीर पिकतात, असं सुवोदोलचेच लोक सांगतात. दगडांबद्दल वाद नाही. वीर पिकवायला मात्र मेहनत लागते, आणि ती बायका करतात. पुरुष लढाईत मरतो तेव्हा तो नुसता मेलेला असतो. त्याच्या कपड्यांपाशी बसून एखादी बाई गळा मोकळा करते, तो कसा चालून गेला, गोळी कुठं बसली हे गाऊन सांगते, तेव्हा कुठं तो वीर होतो. ज्याच्यासाठी कोणी गात नाही त्याचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घेतात.

हे गाणं गोस्पावाइतकं त्या डोंगरात कोणाला साधत नव्हतं. ती तोमाशची थोरली लेक. लग्नानंतर लवकरच विधवा झाली आणि बापाच्या घरी परत आली. आई आधीच गेलेली, त्यामुळे धाकट्या मिलोन्याला तिनंच लहानाचं मोठं केलं. कुठल्याही घरात माणूस गेला की आधी गोस्पावाला बोलावणं जायचं. ती बसली, डोक्यावरचं काळं फडकं मागं सारलं आणि पहिली ओळ उचलली की म्हातारे पुरुष टोप्या काढून जमिनीकडे बघायला लागायचे. गाणाऱ्या बाईला मध्येच तोडायचं नाही, हा तिथला नेम. राजा असला तरी त्यानं ऐकून घ्यायचं.

पण तिची जीभ म्हणजे कात्री होती, आणि ती कोणाला सोडत नसे. इकोनिया नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा सरहद्दीवरच्या चकमकीत पडला, तेव्हा त्याची जखम पाठीत आहे असं कळलं. पाठीत गोळी म्हणजे पळताना लागलेली. याहून जास्त चौकशी सुवोदोलमध्ये कोणी करत नाही. गोस्पावा त्या कपड्यांपाशी आली, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाली की पळणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्द नाहीत. ती निघाली तशा बाकीच्या बायकाही निघाल्या. इकोनियानं मुलाचे कपडे एकटीनं गोळा केले. कायदा गोस्पावानं केला नव्हता, पण राबवायला तीच पुढं होती.

मग तुर्कांच्या ताब्यातल्या स्कादर शहराचा वेढा आला. तुर्कांनी शहरावरच्या टेकडीला काटेरी तारा गुंडाळल्या होत्या, आणि डोंगरातले लोक हातात कुऱ्हाडी घेऊन त्या तारा तोडायला चढले. सुवोदोलचे नऊ जण तिथं राहिले. मढी तिथंच पुरली. घरी आले ते टोप्या आणि सदरे.

मिलोन्याचं गाठोडं खेचरावरून आलं तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. गोस्पावानं सदरा मांडीवर पसरला. तो तिनंच शिवलेला होता. छातीवर काहीच नव्हतं, आणि ती त्या कोऱ्या छातीवरून हात फिरवत राहिली. इकोनिया पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "उलटा कर."

इकोनियानं स्वतःच वाकून सदरा उलटला. दोन खांद्यांच्या मधोमध भोक होतं, आणि त्याच्याभोवतीचं रक्त वाळून कडक झालं होतं. इकोनियानं ते नीट बघून घेतलं. टोमणासुद्धा मारला नाही. गोस्पावाच्या हातात सदरा परत दिला आणि घरी गेली. तिच्या मागून बाकीच्या गेल्या.

तोमाश तेव्हापासून दाराबाहेर बसेना. गोस्पावाला मात्र एकच गोष्ट दिसत होती. येत्या सणाच्या आधी सगळ्यांच्या शोकासाठी चर्चपुढच्या माळावर नऊ घोंगडी अंथरली जाणार, प्रत्येकावर एकाचे कपडे मांडले जाणार, साऱ्या कुळाची माणसं येणार. नववं घोंगडं नसलं तर मिलोन्या कायमचा पळपुटा. आपला मिलोन्या पळाला असेल हे तिला खरं वाटत नव्हतं. इकोनियालाही तिच्या मुलाबद्दल तसंच वाटलं असेल, हे मात्र तिच्या मनात आलं नाही.

मिलोन्याला शेवटचं बघितलेला माणूस एकच होता: वुक्सान, गावचे प्रमुख कप्तान यागोश यांचा धाकटा मुलगा. थोरला तोदोर त्याच टेकडीवर सकाळच्या पहिल्या चढाईत पडला होता. वुक्सान मांडीत गोळी घेऊन तारेपाशी दिवसभर पडून राहिला, आणि अंधार झाल्यावर रांगत परत आला. त्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालं. गोस्पावा गेली तेव्हा तो घरामागं कुबडी बाजूला ठेवून बसला होता. आधी म्हणाला, ताई, मी काही बघितलं नाही. ती समोर बसून राहिली. सांगितल्याशिवाय ही उठणार नाही, हे त्यालाही कळलं.

"सगळे खाली उतरत होते," तो म्हणाला. "मी ओरडत होतो. आई गं, आई गं, असं. लहान पोरासारखा. विजार ओली झाली होती माझी, ताई. तेवढ्यात मिलोन्या वळला. माझ्या आणि तारेच्या मध्ये आला, माझ्याकडे तोंड करून खाली बसला, मला ओढायला. तेव्हा त्याला लागलं. अंगावरच पडला माझ्या."

"लगेच गेला?"

"नाही. संध्याकाळपर्यंत होता. हलू नकोस म्हणायचा. गोळ्या त्याच्या पायांत बसत होत्या आणि मी त्याच्याखाली." वुक्साननं कुबडी जवळ ओढली. "मी विचारलं, कशाला वळलास रे? तर म्हणाला, पेत्रुशाकाकूचा एक सकाळी गेलाय. दुसरा नको."

पेत्रुशा म्हणजे वुक्सानची आई.

गोस्पावा रडली नाही. तिनं त्याला एवढंच सांगितलं की हे तू माळावर सगळ्यांसमोर बोल. तो म्हणाला, हे बोललो तर मी मेलोच. माझे वडील कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यानं एक तोड काढली. तोफगोळ्याची कपची लागली असं मी सांगतो, म्हणाला. कपची कुठूनही येते, पाठीत घुसली म्हणून कोणी नावं ठेवत नाही. मी शपथेवर सांगतो, वडील मानतील, मिलोन्याचं घोंगडं रांगेत लागेल.

वाईट नव्हती ती तोड. त्यात कोणाचंच काही गेलं नसतं. पण कपचीनं मेलेल्या माणसासाठी गायचं काय? कपची आली, लागली, मेला. गोस्पावाच्या मनात गाणं तेव्हाच जुळायला लागलं होतं. असं मरण साऱ्या कुळात कोणाचं नव्हतं, आणि ते पोटात दाबून ठेवायचं होतं. तरी ती बरं म्हणाली. बापासाठी म्हणाली.

वुक्साननं शब्द पाळला. कप्तानांनी तोमाशला निरोप पाठवला की नववं घोंगडं आणा, रांगेत शेवटी लावा. तोमाशनं त्या दिवशी दाढी केली. विहिरीवर इकोनिया मात्र म्हणाली, "कपची! माझ्या पोराच्या वेळी गावात एकही कपची शिल्लक नव्हती का गं?" तिच्या या बोलण्यावर कोणी हसलं नाही, आणि कोणी गप्पही केलं नाही.

माळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. काळी घोंगडी ओळीनं अंथरली होती, त्यांवर सदरे, टोप्या, कंबरपट्टे, जणू नऊ माणसं उताणी निजली आहेत. पहिलं घोंगडं तोदोरचं. सुरुवात गोस्पावानं करायची हे ठरलेलंच होतं. ती बसायला वाकली तेव्हा कप्तान जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तोदोरबरोबर धाकट्याचंही नाव घे. पदक आहे त्याच्याकडे. दोन वीरांचं घर, असं गा."

तसा रिवाजच होता. घराची थोरवी गायची तर जित्यांचीही गायची. कप्तानांनी काही वावगं मागितलं नव्हतं. गोस्पावानं मान डोलावली. तिनं पुढं बघितलं तर वुक्सान कुबडीवर उभा, छातीवर पदक, शेजारी पेत्रुशा त्याचा दंड धरून. आणि रांगेच्या टोकाला मिलोन्याचा सदरा, पाठ जमिनीकडे करून ठेवलेला.

तिनं गायला सुरुवात केली. तोदोरचे रुंद खांदे, त्याचं कुऱ्हाड हातात घेऊन पुढं धावणं, सगळं रीतसर गायलं. पेत्रुशा हुंदके देत होती. मग धाकट्याचं नाव घ्यायची वेळ आली, आणि गोस्पावाचा आवाज चढला.

"तोदोरदादा, तू सकाळी निजलास, मागोमाग तुझा भाऊ तिथंच पडला.
आई गं म्हणाला, मला नेऽ म्हणाला, विजार भिजेपर्यंत रडला.
सारे उतरले, एकच वळला, माझ्या हातचा घास खाल्लेला वळला.
पाठ दिली गोळ्यांना, तोंड दिलं मित्राला.
एका आईचा एक गेला म्हणाला, दुसरा नको म्हणाला.
दिवसभर छप्पर झाला माझा भाऊ, आणि छपराखालच्याला पदक मिळालं."

नेम मोडायचा नव्हता. कप्तान ऐकत उभे राहिले, पेत्रुशा ऐकत उभी राहिली, सारं कुळ उभं राहिलं. मग गाणं संपलं. कप्तानांनी मुलाकडे वळून विचारलं, "खरं आहे?"

वुक्साननं नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पदकवाल्या सैनिकाच्या शब्दापुढं एका विधवेचं गाणं कितीसं टिकणार? पण त्यानं गोस्पावाकडे बघितलं, मग टोकाच्या त्या सदऱ्याकडे बघितलं.

"खरं आहे," तो म्हणाला.

कप्तानांनी त्याच्या छातीवरचं पदक काढलं, रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले आणि ते मिलोन्याच्या सदऱ्यावर ठेवलं. तोमाश ढसाढसा रडायला लागला. मग कप्तान परत आले आणि बायकांकडे बघून म्हणाले, "कोणीतरी याला फडकं द्या."

बायका घागऱ्यावर पुढून बांधतात ते लोकरी फडकं. लढाईत रडलेल्या पुरुषाच्या कमरेला ते बांधायचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची शिक्षा. प्रत्यक्षात बांधलेलं कोणी बघितलं नव्हतं. एकही बाई हलली नाही. इकोनियासुद्धा नाही; ती खाली बघत राहिली. तोमाश रडता रडता म्हणाला, "गोस्पावा, तू बस." पण तिचं अंग अजून गाण्यातच होतं, सगळ्या माळाच्या नजरा तिच्यावर होत्या, आणि अशा वेळी मागं राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं स्वतःच्या कमरेचं फडकं सोडलं आणि वुक्सानच्या कमरेला बांधलं. गाठ मागून मारावी लागते, म्हणून तिला त्याच्याभोवती हात घालावे लागले. तो तिच्या कानाशी म्हणाला, "ताई, घट्ट नको." तिनं घट्टच बांधलं.

मग ती मिलोन्याच्या घोंगड्यापाशी बसली आणि अशी गायली की तसं गाणं पुन्हा कोणी ऐकलं नाही. दूरच्या खेड्यांतले लोक त्या ओळी पाठ करून घेऊन गेले. तोमाशचा हात हातात घ्यायला म्हाताऱ्यांची रांग लागली. भावासाठी तिला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं.

वुक्सान फडकं बांधलेल्या कमरेनं, कुबडी टेकत, साऱ्या गावातून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाड्यामागं त्यानं बापाच्या पिस्तुलानं स्वतःला संपवलं. फडकं त्यानं सोडलं नव्हतं. पाद्र्यानं चर्चच्या कुंपणात जागा दिली नाही. कुंपणाबाहेर पुरलं, आणि तिथं एकही बाई गायला गेली नाही. पेत्रुशाला गाता येत नव्हतं. ती मातीपाशी बसली आणि उठली.

दोन दिवसांनी पेत्रुशा तोमाशच्या दारात आली. गोस्पावाला वाटलं, ही गायला बोलवायला आली. काय सांगावं हे ती मनात जुळवायला लागली. जीव स्वतः देणाऱ्यासाठी गात नाहीत, काकू, असंच काहीतरी. पण पेत्रुशानं काही मागितलं नाही. काखेतून फडक्याची घडी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"तुझं आहे," ती म्हणाली. "रक्त होतं. गार पाण्यात धुतलं, लोकर आटली नाही."

गोस्पावानं घडी घेतली. आत या, असं म्हणायचं होतं, ते राहिलं.

"तुझ्या भावानं मला एक ठेवला होता," पेत्रुशा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर गोस्पावाला उत्तर तरी देता आलं असतं. पेत्रुशा पायवाटेनं खाली गेली.

तोमाश आतून सगळं ऐकत होता. तो बाहेर आला नाही, आणि त्या दिवसानंतर लेकीशी कामापुरतंच बोलला.

गोस्पावाकडे दुसरं फडकं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं तेच कमरेला बांधलं आणि मेंढ्यांचं दूध काढायला गेली.